वंगण

लासलगावचा माणूस परगावी गेला की त्याला दोन गोष्टींना तोंड द्यावे लागते. लोक आधी कांद्याचा भाव विचारतात आणि मग डोळ्यांत पाणी येण्यावरचा तो जुना विनोद करतात. १९४७ साली स्थापन झालेल्या आमच्या बाजार समितीची कीर्तीच एवढी, की गावात कांद्याशिवाय दुसरे काही असेल असे कोणाला वाटत नाही. मला मात्र हे गाव आवाजाने ओळखू येते. पहाटे विंचूरच्या बाजूने येणाऱ्या ट्रॅक्टरांची धडधड, लिलावाचा पुकारा, स्टेशनात मालगाडीच्या डब्यांची टक्कर, आणि या सगळ्याच्या तळाशी, कान देऊन ऐकले तरच ऐकू येणारी एक बारीक कुरकुर. कुठल्या तरी खळ्यात, कुठल्या तरी पट्ट्याखाली, सावकाश फिरणारे काहीतरी कोरडे पडलेले असते.

हा लेख त्या कुरकुरीविषयी आहे. वार्षिकासाठी वंगणावर लिहिते आहे असे मी वर्गात सांगितले, तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, ललित लेखाला पाऊस घे, आजीची गोधडी घे, गेलाबाजार कॉलेजची पहिली एस.टी. घे. वंगण हा काय विषय झाला?" तिचे म्हणणे खोटे नाही. पण आमच्या घरात गोधडीपेक्षा वंगणावर जास्त बोलणे झालेले आहे, आणि पाऊस आला की आमच्याकडे कवितेच्या आधी ग्रीस धुऊन जाईल ही काळजी येते.

आमचे घराणे सुतारकीचे. माझे आजोबा, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, बैलगाडीची चाके बांधत. बाभळीचा तुंबा, बाभळीचे आरे, बाहेरून पुठ्ठे आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव लाल तापवून चाकावर बसवली की लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सगळे चाक करकचून आवळले जाते. हा सोहळा बघायला गल्लीतली पोरे जमत. नानांचा जीव मात्र धावेपेक्षा आखात. तुंब्यातल्या लोखंडी बुशात आख फिरतो की आखावर बुश फिरते, यावर ते शहाण्यासुरत्या माणसांशी वाद घालत. गाडीच्या साट्याखाली एक नळा टांगलेला असे, त्यात वंगण. दूरच्या वाटेला निघण्यापूर्वी टेकू लावून गाडी उचलायची, खीळ काढायची, चाक हातभर बाहेर ओढायचे आणि आखाला वंगण फासायचे. हे काम गाडीवान झोपेतही करू शकत असे. टाळले तर बैल रात्रभर त्याची शिक्षा भोगत.

नानांचे वंगण घरी व्हायचे. एरंडेल, त्यात काजळी आणि तागाचा बारीक भुसा. किती काय घालायचे याचे माप त्यांच्या बोटांत होते. काडीने उचलले तर तार सुटली पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. उन्हाळ्यात काजळी जास्त, थंडीत कमी. एकदा मी विचारले, घरात शेंगदाण्याचे तेल आहे, ते का नाही चालत? नाना म्हणाले, "जवस अन् करडई सुकून कातडं धरत्यात, त्येचा रोगण व्हतो. शेंगदाण्याचं चिकाट व्हतं. एरंडेल सुकत न्हाई. आखाला एरंडेलच." पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात मी हे पडताळून पाहिले. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून ते रंगात वापरतात. एरंडेलाची गणना न सुकणाऱ्या तेलांत होते. शिवाय त्याच्या रेणूचे एक टोक लोखंडाला धरून बसते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या कित्येक इंजिनांत हेच एरंडेल घालत असत हे मी नानांना सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली; त्यात आश्चर्य वाटण्याजोगे त्यांना काही दिसले नाही.

नानांची एक बोली होती. कोणी विचारले, की शिवणयंत्राचे पातळ तेल आखाला का चालत नाही, तर ते म्हणत, "पळत्याला तेल पुरतं, रांगत्याला वंगण लागतं." लहानपणी मला हे उलटे वाटे. जो जोरात पळतो त्याला जास्त जपायला हवे, सावकाश चालणाऱ्याला काय होते? बैलगाडी ताशी तीन-साडेतीन किलोमीटर जाते. चाकाचा व्यास दीड मीटर धरला तर एका फेऱ्यात गाडी पावणेपाच मीटर सरकते. म्हणजे चाकाचे मिनिटाला जेमतेम १२ फेरे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे मिनिटाला १,५०० फेरे होतात. मग इंजिनाला पातळ तेल आणि गाडीला जाड वंगण, हा न्याय कुठला?

त्याचे उत्तर मला एका लाकडी खुंटीच्या गोष्टीत सापडले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आस फिरू लागला तसे तेल आत जायचे सोडून त्याच भोकातून वर उसळू लागले. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने खुंटीही बाहेर ढकलली. आस फिरता फिरता तेलाला स्वतःबरोबर अरुंद फटीत ओढून नेत होता आणि त्या दाबलेल्या तेलावर सगळा भार तरंगत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचे गणित मांडले. म्हणजे जोरात फिरणारा आस आपली गादी आपणच घालून घेतो. लोखंड लोखंडाला शिवतच नाही.

आता गोदावरीच्या डोहाकाठी पोरे चपट्या दगडाने पाण्यावर भाकऱ्या काढतात, तो खेळ आठवा. दगड जोरात भिरकावला तर तीन-चार ठिकाणी टेकून पलीकडे जातो, हळू टाकला तर डुबुक. दोन्ही गोष्टींचे शास्त्र अगदी एक नाही, पण समजायला पुरे. आस हळू फिरला तर तेलाला आत ओढायला जोर राहत नाही, गादी तयार होत नाही आणि भार सरळ धातूवर धातू असा बसतो. तेल आपले बाजूने गळून जाते. जर्मनीतल्या श्ट्रीबेकने १९०२ मध्ये वेगाप्रमाणे घर्षण कसे बदलते याचा आलेख काढला, त्यात अगदी कमी वेगाची बाजू उंच चढलेली दिसते. अशा वेळी कामी येते ते पृष्ठभागाला चिकटून राहणारे वंगण. त्याची जाडी काही रेणूंची असली तरी चालते, पण ते जागा सोडत नाही. नानांच्या रांगत्याचा अर्थ हा होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण जुने ते सगळे शास्त्रशुद्ध असे म्हणण्याची अलीकडे फॅशन झाली आहे. नानांच्या एरंडेलाला मी पूर्ण गुण देते. काजळीला तेवढे देणार नाही. हळू आणि जड चालणाऱ्या भागांसाठी आज ग्रीसमध्ये ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड घालतात. त्यांचे पापुद्रे एकावर एक घसरतात आणि तेल निसटले तरी मागे राहतात. काजळी काळी आहे म्हणून ती ग्रॅफाइट होत नाही. ती तेलाला घट्ट करते, एवढेच. आणि वाटेवरची धूळ त्या चिकट वंगणात बसून कानशीसारखी घासत राही, ते वेगळेच. नानांच्या कारखान्यात झिजलेल्या आखांचा ढीग असे, तो काही शोभेचा नव्हता.

एरंडेलाची गोष्ट मात्र अजून संपली नाही. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण. साबणाच्या तंतूंच्या जाळ्यात तेल धरलेले असते आणि दाब पडला की थोडे थोडे पाझरते. चुन्याच्या साबणाचे साधे ग्रीस पाण्याला टिकते, पण साठ-सत्तर अंश उष्णतेपलीकडे त्याचे पाणी होते. १९४२ साली अमेरिकेत लिथियमच्या साबणाचे पेटंट झाले आणि पाणी व उष्णता दोन्हींत टिकणारे ग्रीस आले. आज जगात खपणाऱ्या ग्रीसचा मोठा भाग लिथियमचा आहे. त्यासाठी लागणारे स्निग्धाम्ल बहुतांशी एरंडेलापासून करतात, आणि एरंडी पिकवण्यात आपला देश, त्यातही गुजरात, पहिला आहे. नानांचा नळा गेला, पण डब्यात बसून एरंडेल परत आले.

दुकानात गेले की ग्रीस पिवळे, निळे, लाल असते. लोक रंगावरून गुण ठरवतात. रंग हा वरून घातलेला असतो. त्यावरून ग्रीस निवडणे म्हणजे पातळाच्या काठावरून सुनेची पारख करणे. हे वाक्य माझे नाही, आईचे आहे.

बैलगाड्या मागे पडल्या तसे चाकांचे काम आटले. अण्णा, म्हणजे माझे वडील, लोखंडाकडे वळले. पण त्याआधीची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८६ साली अण्णा चौदा वर्षांचे होते. निफाड तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर ते हंगामापुरते कामाला होते. चरक इंजिनाच्या पट्ट्यावर चाले. तीन लाटा, त्यांना जोडलेली दात्यांची चाके. दात्यांना वंगण फासायचे काम पोराकडे, कारण ते हलके काम. काठीला चिंधी गुंडाळून लावायचे, पण त्या दिवशी चिंधी निसटून दात्यांत गेली होती. चरक थांबवला तर काहिलीत रस पडायचा थांबतो आणि खाली जाळ चालूच असतो. म्हणून चरक कोणी थांबवत नसे. अण्णांनी वंगणाचा गोळा बोटावर घेतला. दाते इतके सावकाश फिरत होते, की एक दाता येतो, मग सुपारीएवढी फट, मग दुसरा दाता, हे मोजता येत होते. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट आज अर्धे आहे.

अण्णा हे सांगताना आवाज चढवत नाहीत. ते म्हणतात, "जोरात फिरणाऱ्याला मानूस भितो. पंख्यात कोनी हात घालत न्हाई. सावकाश फिरणाऱ्यात घालतो." यात त्यांनी यंत्रशास्त्राची एक गोष्ट जोडली, ती मला फार महत्त्वाची वाटते. इंजिनाचा वेग पट्ट्यांनी आणि दात्यांनी कमी केला म्हणजे यंत्र सौम्य झाले असे आपल्याला वाटते. खरे तर जेवढा वेग उतरतो तेवढा जोर चढतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या इंजिनाला एखादे वेळी हाताने अडवता येईल इतका त्याचा जोर कमी असू शकेल. मिनिटाला १० फेऱ्यांच्या चरकाला बैलही अडवू शकणार नाही. सावकाश फिरणारे यंत्र बोट आत आल्याचे लक्षातही येऊ देत नाही. त्याचा आवाज बदलत नाही.

कायद्याला हे ठाऊक होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या बाविसाव्या कलमात लिहिले गेले, की चालू यंत्राला तेल घालणे किंवा पट्टा चढवणे हे काम खास शिकवलेल्या प्रौढ कामगारानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावे. स्त्रिया आणि कोवळ्या वयाची मुले यांना चालू भागांपाशी असे काम देऊ नये. मळणीयंत्रांत हात गमावणाऱ्या शेतकऱ्यांमुळे १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा झाला. पण गुऱ्हाळ काय आणि खळे काय, तिथे कलम वाचायला कोण बसले आहे? तिथे हंगाम असतो.

पुढे अण्णा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात हंगामी फिटर होते. उसाच्या लाटा तिथे मिनिटाला चार-पाचच फेरे घेतात आणि त्यांच्यावर भार टनांचा. तिथे डांबरासारखे काळे, जाड वंगण पंपाने थेंब थेंब बेअरिंगपर्यंत पोहोचवले जाते. नळी तांब्याची, पंप बाजूला उभा, माणसाने लाटेजवळ जायचेच नाही. अण्णांना तिथे पगारापेक्षा त्या नळ्यांनी जास्त दिले असे मला वाटते. वंगण कोणते, हा प्रश्न नानांनी सोडवला होता. ते आत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न त्यांच्या मुलाने घेतला.

आता त्यांचे छोटे वर्कशॉप आहे आणि हंगामात त्यांचे बहुतेक काम कांदा निवडायच्या यंत्रांचे. ज्यांनी खळे पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक्टरमधून ओतलेला कांदा पट्ट्यावरून वर चढतो, फिरत्या रोलरांवर नाहीतर जाळीवर येतो, आणि ४५ मिलिमीटर, ५५ मिलिमीटर अशा मापांनी वेगळा होऊन खाली टेबलांवर पडतो. दोन्ही बाजूंना बाया बसलेल्या असतात. सडका, जोड, मोड आलेला कांदा त्या हाताने काढतात. रोलरांचे मिनिटाला वीस-पंचवीस फेरे, पट्टा त्याहून संथ. सगळीकडे कांद्याची टरफले उडत असतात. डोळ्यांत, केसांत आणि बेअरिंगमध्ये. माझी आई तिथे बारा हंगाम बसली आहे.

अशा यंत्राला वंगण घालणे हे दिसते तितके सोपे नाही. खळ्याचा मालक गॅरेजमधून फुकट मिळणारे काळे जळके ऑइल आणतो आणि पोराला सांगतो, मार सगळीकडे. त्या ऑइलमध्ये इंजिनाचा झिजलेला धातू, काजळी आणि आम्ल सगळे असते. ते पातळ असल्याने संथ बेअरिंगमध्ये टिकत नाही, आणि गळते ते कांद्यावर. निर्यातीचा माल असेल तर एका डागाने गोणी परत येऊ शकते. घरात खायचा असेल तर परत येत नाही, एवढाच फरक. उलट बाजूला उघड्या साखळीवर भरपूर ग्रीस थापणारेही आहेत. त्यांच्या साखळीवर दोन दिवसांत टरफलांचा आणि मातीचा असा लगदा बसतो, की साखळी चक्रीवर चढायला मागत नाही. मग तो खरवडायला कोणीतरी बसते, आणि खरवडताना यंत्र बंद असतेच असे नाही.

अण्णांबरोबर ग्रीसगन घेऊन मी सुट्टीत हिंडले आहे, त्यामुळे त्यांची रीत मला ठाऊक आहे. यंत्रापाशी गेले की ते आधी जमिनीवर बसून खालून बघतात. कोण कुठे बसते, पडलेला कांदा काढायला कोणाचा हात कुठे जातो, पदर कुठल्या बाजूला लोंबतो. मग बेअरिंग. रोलरच्या बंद बेअरिंगमध्ये ते लिथियमचे ग्रीस अगदी काठोकाठ भरतात. जोरात फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये असे केले तर ग्रीस घुसळून तापते, म्हणून तिथे घराचा तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच भरायचे असते. संथ बेअरिंगमध्ये घुसळण नसते, आणि भरलेले ग्रीसच धुळीला दार लावून बसते. दर दोन-तीन दिवसांनी पिचकारीएवढे नवे ग्रीस आत दिले की जुने कडेने बाहेर येते आणि धूळ घेऊनच येते. ते कडेचे कडे पुसून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. अण्णा पुसू देत नाहीत. जिथे पाणी मारून यंत्र धुतात तिथे साध्या चुन्याच्या ग्रीसलाही त्यांची हरकत नाही. स्वस्त पडते आणि पाण्याला राहते.

पण त्यांचा आग्रह असतो तो नळीचा. बेअरिंग आत, रोलरच्या टोकाला, जाळीमागे. त्याचे निप्पल तिथेच ठेवले तर दर वेळी जाळी काढावी लागते, आणि जी जाळी दर दोन दिवसांनी काढावी लागते ती चौथ्या वेळी परत बसत नाही. ती भिंतीला टेकून उभी राहते. आमच्या गावात भिंतीला टेकलेल्या अशा किती जाळ्या मी पाहिल्या आहेत! म्हणून अण्णा प्रत्येक बेअरिंगपासून एक बारीक तांब्याची नळी बाहेर चौकटीपर्यंत आणतात आणि निप्पले एका रांगेत बसवतात. उभ्या उभ्या, यंत्र चालू असताना, कोणीही ग्रीस देऊ शकते, आणि जाळी जागची हलत नाही. खर्च थोडा वाढतो. मालक विचारतात, ह्या नळ्या कशाला, बेअरिंगला तर निप्पल आहेच. अण्णा त्यावर भाषण देत नाहीत. डाव्या हाताने बिलाचा कागद धरतात आणि उजव्याने लिहितात. काही मालक देतात पैसे. काही देत नाहीत आणि दुसरा फिटर बोलावतात, हेही सांगायला हवे. आई ज्या खळ्यात बसते तिथल्या मालकाने पहिल्या वर्षी नळ्या नाकारल्या होत्या. त्या हंगामात अण्णा रोज दुपारी डबा द्यायच्या निमित्ताने तिकडे जात आणि पाच मिनिटे यंत्र बंद करवून स्वतः ग्रीस घालून येत. आई म्हणे, "डबा मी सकाळीच आणलेला असायचा." दुसऱ्या वर्षी मालकाने नळ्या बसवून घेतल्या, कशामुळे ते त्याचे त्याला ठाऊक.

कधी कधी मला वाटते, की आपण ज्याला भितो त्याचीच व्यवस्था नीट करतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेले 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांसमोरून माल नेण्याची ती योजना. पुढे २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला आंबाही तिथून गेला. अशा किरणांत साधे ग्रीस फार दिवस टिकत नाही, त्याचे जाळे तुटते आणि पुढे तेल घट्ट होऊन बसते, असे वाचले आहे. किरण चालू असताना आत ग्रीसगन घेऊन जाणे हा विचारही कोणाच्या मनात येणार नाही. म्हणजे माल नेणारी यंत्रणा योजतानाच तिथे माणसाचा हात वजा धरलेला असतो. त्याच गावात, काही अंतरावर, वीस फेऱ्यांच्या रोलरपाशी हात गृहीत धरलेला असतो. कोबाल्टपेक्षा रोलरने आमच्याकडे जास्त बोटे खाल्ली असतील, पण रोलरवर कोणी पिवळी पाटी लावत नाही.

इजिप्तमधल्या एका थडग्यात सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवून शेकडो माणसे ओढत आहेत आणि एकजण गाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून वाळूवर काहीतरी ओततो आहे. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले, की वाळू योग्य तेवढी ओली केली तर ओढायला लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. मी ते चित्र अण्णांना दाखवले. मला वाटले, एवढ्या जुन्या वंगणाचे ते कौतुक करतील. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "वतनारा बरा गाडीवर उभा केलाय. खाली चालत ठेवला असता तर गेला असता दोरात."

नाना २०१९ मध्ये गेले. त्यांचा वंगणाचा नळा वर्कशॉपमध्ये खुंटीला आहे. त्यात आता अण्णा वेल्डिंगच्या सळ्या ठेवतात. मी त्याला स्मारक म्हणून काही लिहिणार नाही, कारण त्या सळ्यांना ती जागा खरोखर सोयीची आहे.

सध्या अडले आहे ते साखळीचे. बेअरिंगला नळी देता येते, उघड्या साखळीला देता येत नाही. ग्रीस थापले तर टरफले बसतात, पातळ तेल सोडले तर गळून कांद्यावर जाते, कोरडी ठेवली तर हंगामात दोनदा बदलावी लागते. अण्णांनी आता साखळीच्या परतीच्या बाजूला, टेबलापासून दूर, जाड नमद्याची एक पट्टी बसवली आहे. तिला वरच्या छोट्या डबीतून वातीने तेल मिळते आणि साखळी जाता जाता नमद्याला पुसून घेते. तेल औषधी पॅराफिनच्या जातीचे, बिनवासाचे, म्हणजे चुकून कांद्याला लागले तरी पोटात विष जायला नको. कोणी हात घालायचा नाही, फक्त आठवड्यातून एकदा डबी भरायची. पहिल्या यंत्रावर वात फार तेल ओढत होती, म्हणून ती बारीक केली. दुसऱ्यावर धुळीने नमदा महिन्यात कडक झाला. तिसरे यंत्र आई बसते त्या खळ्यात लावले आहे. उन्हाळ कांद्याचा जोर चैत्र-वैशाखात असतो, त्या धुळीत हा नमदा किती टिकतो ते तेव्हाच कळेल. तोवर दर शनिवारी डबीतले तेल किती उतरले ते मोजून वहीत लिहायचे काम माझ्याकडे आहे.